बाटलीतले कार्निटीन आणि थेंबातले कार्निटीन

जिम आता मुंबई-गोवा महामार्गावरच्या लहान गावांतही पोचली आहे. संगमेश्वर-देवरुख पट्ट्यातला तरुण कबड्डीच्या मैदानावरून तिथे जातो आणि महिन्याभरात त्याच्या कानावर एक सूत्र पडते : प्रोटीन स्नायूंसाठी, कार्निटीन चरबीसाठी. मग ऑनलाइन मागवलेली बाटली घरपोच येते. तिच्यावर ‘फॅट बर्नर’ असे ठळक छापलेले असते, एका मात्रेत 500 ते 1000 मिलिग्रॅम एल-कार्निटीन असते. हे सगळे थोतांड आहे, पैसे पाण्यात गेले, असे म्हणणारा एखादा शहाणा काकाही घरात असतोच.

दोघांचेही मत उथळ आहे. पुतण्याला वाटते कार्निटीन चरबी जाळते. काकांना वाटते कार्निटीन म्हणजे काहीच नाही. वस्तुस्थिती अशी की कार्निटीन काहीही जाळत नाही, ते फक्त वाहून नेते. निरोगी शरीरात त्याचा तुटवडा नसतो, त्यामुळे वरून ओतून फारसे काही हाती लागत नाही. पण ज्या मोजक्या माणसांत ही वाहतूकच मोडलेली असते, त्यांच्या बाबतीत हा पदार्थ जगण्या-मरण्याचा प्रश्न होतो. म्हणूनच संगमेश्वरसारख्या तालुक्याला खरी गरज नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबात कार्निटीन मोजण्याची आहे. बाटलीचा क्रमांक त्यानंतर, फार खाली लागतो.

1. काम वाहतुकीचे

1905 मध्ये मॉस्कोत गुलेविच आणि क्रिमबर्ग यांनी मांसाच्या अर्कातून हा पदार्थ वेगळा काढला. तो कशासाठी असतो हे पुढची जवळजवळ पन्नास वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. 1948 मध्ये गॉटफ्रीड फ्रेंकेल यांना पिठात होणाऱ्या अळ्यांच्या वाढीसाठी एक अनोळखी घटक लागतो असे आढळले. त्यांनी त्याला जीवनसत्त्वाचे नाव देऊन टाकले, आणि तो कार्निटीनच असल्याचे 1952 मध्ये कळले. माणसासाठी ते जीवनसत्त्व नाही, कारण लायसिन आणि मिथायोनिन या अमिनो आम्लांपासून आपले शरीर ते स्वतः बनवते. खरा उलगडा 1955 मध्ये सुरू झाला. यकृतात मेदाम्लांचे ज्वलन कार्निटीनमुळे वाढते, हे आयर्विंग फ्रिट्झ यांनी दाखवले.

‘वाढते’ या निरीक्षणातूनच पुढचा सगळा गैरसमज जन्मला. ते का वाढते, हे पाहायला हवे. चरबीचे ज्वलन पेशीतल्या मायटोकाँड्रियात होते. या मायटोकाँड्रियाला दोन आवरणे असतात आणि आतले आवरण लांब साखळीच्या मेदाम्लाला आत येऊ देत नाही. संगमेश्वरवरून वाहणारी शास्त्री नदी जयगडला समुद्राला मिळते, तिथल्या खाडीवर जयगड-तवसाळ फेरीबोट चालते. कार्निटीन ही ती बोट. अलीकडच्या धक्क्यावर सीपीटी-1 नावाचे विकर मेदाम्लाला कार्निटीनवर चढवते. आतल्या आवरणातला एक वाहक भरलेली बोट आत घेतो आणि त्याच वेळी एक रिकामी बोट बाहेर सोडतो. पलीकडे सीपीटी-2 हे विकर प्रवासी उतरवून घेते. पुढे ज्वलन होते ते या प्रवाशाचे. बोट जशीच्या तशी परत फिरते.

पामिटिक आम्लाचा, म्हणजे 16 कार्बनच्या मेदाम्लाचा, एक रेणू पूर्ण जळला की पेशीला एटीपीचे निव्वळ 106 रेणू मिळतात. ग्लुकोजच्या एका रेणूतून मिळतात जेमतेम 30 ते 32. हृदयाचे स्नायू विश्रांतीच्या स्थितीत आपली निम्म्याहून अधिक ऊर्जा मेदाम्लांतूनच घेतात. हा सगळा व्यवहार मोठ्या माणसाच्या शरीरातल्या फक्त 20 ते 25 ग्रॅम कार्निटीनवर चालतो, आणि त्यातलेही 95 टक्क्यांहून अधिक स्नायूंत असते. एवढ्याशा साठ्यावर भागते, कारण तो खर्चच होत नाही. मूत्रपिंड गाळलेल्या कार्निटीनपैकी 95 टक्क्यांहून जास्त परत रक्तात ओढून घेते.

2. धक्क्यावरचे फाटक

बोटी वाढवल्या तर प्रवासी जास्त जातील का? धक्क्यावर गर्दी असेल, फाटक उघडे असेल आणि बोटीच कमी पडत असतील, तरच. निरोगी माणसात अडसर असतो तो फाटकाचा.

1977 मध्ये मॅकगॅरी आणि फॉस्टर यांनी या फाटकाची कडी शोधून काढली. तिचे नाव मॅलोनिल-कोए. जेवणानंतर इन्सुलिन वाढते, पेशीत मॅलोनिल-कोए साचते आणि ते सीपीटी-1 ला जखडून ठेवते. साखर भरपूर असताना चरबी कशाला जाळायची, असा शरीराचा साधा हिशेब. वडापाव आणि गोड चहा पोटात ढकलून वर कार्निटीन पिणाऱ्याच्या पेशीत बोटी धक्क्याला बांधलेल्याच राहतात. उपास पडला किंवा व्यायाम लांबला, की मॅलोनिल-कोए उतरते आणि फाटक उघडते. तेव्हा घरच्याच बोटी पुरतात.

याचा सर्वांत बोलका पुरावा एका दुर्मीळ आजारात मिळतो. सीपीटी-1ए हे यकृतातले विकर जन्मतः निकामी असलेल्या मुलांच्या रक्तात मोकळे कार्निटीन नेहमीपेक्षा जास्त असते. धक्क्यावर रिकाम्या बोटींची दाटी, प्रवासी चढवणारा मात्र कोणी नाही. तरीही ही मुले उपाशी राहिली की त्यांची साखर धोकादायक रीतीने घसरते, कारण यकृताला चरबी जाळता येत नाही. कार्निटीनचे प्रमाणच ज्वलन ठरवत असते, तर ही मुले सर्वांत काटक निघाली असती.

बाटलीच्या वाटेत आणखी दोन अडथळे आहेत. अन्नातले कार्निटीन अर्ध्याहून अधिक शोषले जाते, पण गोळी-द्रवातल्या मोठ्या मात्रेतले साधारण 5 ते 18 टक्केच. जे शोषले जाते तेही स्नायू सहजी आत घेत नाहीत. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी 2011 मध्ये स्नायूंतले कार्निटीन 21 टक्क्यांनी वाढवून दाखवले खरे, आणि त्या तरुणांची व्यायामाची कामगिरीही सुधारली. पण त्यासाठी 24 आठवडे रोज दोनदा 2 ग्रॅम कार्निटीन आणि प्रत्येक वेळी सोबत 80 ग्रॅम कर्बोदके द्यावी लागली. दिवसाला 160 ग्रॅम कर्बोदके म्हणजे जवळपास 640 कॅलरी. चरबी घटवायला निघालेल्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

वजनाबाबत 2020 मध्ये 37 चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. कार्निटीन घेणाऱ्यांचे वजन न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी 1.21 किलोने जास्त उतरले होते. परिणाम शून्य नाही, म्हणून काकांचे ‘थोतांड’ही चूक. पण बाटलीवरच्या पिळदार पोटाशी त्या सव्वा किलोचा काही संबंध नाही.

3. बोटीच नसतील तर

आता दुसरी बाजू, आणि या विषयाचा खरा ऐवज इथेच आहे.

वर्षभराचे बाळ. दोन दिवस ताप, दूध नको, रात्री न जेवता झोपले. सकाळी उठवायला गेले तर मलूल पडलेले, हाक मारली तरी डोळे उघडत नाही. लहान बाळाच्या यकृतातला साखरेचा साठा काही तासांत संपतो. पुढची मदार चरबीवर असते : यकृत ती जाळून कीटोन बनवते आणि त्यांवर मेंदू तगतो. ज्या बाळात कार्निटीनची वाहतूक मोडली आहे, त्याच्याकडे हा दुसरा साठा असून नसल्यासारखा. साखर उतरते आणि कीटोनही तयार होत नाहीत. गावात याला नजर म्हणतात, कागदावर ‘मेंदूज्वर’ किंवा ‘जंतुसंसर्ग’ लिहिले जाते. दोन-तीन वर्षांनी त्याच घरात दुसरे मूल तसेच जाते.

कार्निटीनच्या कमतरतेचा माणसातला पहिला रुग्ण एंगेल आणि अँजेलिनी यांनी 1973 मध्ये नोंदवला. स्नायूंच्या तंतूंत चरबीचे थेंब साचून राहिले होते, इंधन दारात आणि चूल थंड. पुढे 1990 च्या दशकाअखेरीस ‘प्राथमिक कार्निटीन कमतरते’चे मूळ सापडले. ओसीटीएन-2 नावाचा वाहक कार्निटीनला पेशीत ओढून घेतो, मूत्रपिंडात ते वाचवण्याचे कामही त्याचेच. त्याचे एसएलसी-22-ए-5 हे जनुक आई आणि वडील दोघांकडून सदोष आले, तर कार्निटीन लघवीवाटे वाहून जाते. रक्तात मोकळे कार्निटीन एरवी लिटरला 25 ते 50 मायक्रोमोल असते, या रुग्णांत ते सहसा 5 च्याही खाली येते. हृदय हळूहळू फुगते, स्नायू दुबळे पडतात, काहींना आधी कसलाच त्रास नसतो आणि एके दिवशी हृदय थांबते.

उपाय? तेच कार्निटीन. किलोमागे रोज 100 ते 400 मिलिग्रॅम, आयुष्यभर. वेळेत सुरू केले तर फुगलेले हृदयही पूर्ववत येऊ शकते. जिममधल्या मुलाला सव्वा किलो देणारा पदार्थ इथे अख्खे आयुष्य देतो. एकाच रेणूची अशी दोन मोले औषधशास्त्रातही रोज दिसत नाहीत.

हा आजार जगभरात विरळ असला तरी सगळीकडे सारखा विरळ नाही. जपानमध्ये तो साधारण 40 हजारांत एकाला होतो. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर दर 300 माणसांमागे एकाला. मासेमारीवर जगणारी, पन्नासेक हजार वस्तीची, पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत सोयरिक करणारी ही बेटे. तिथे तरुण माणसे अचानक दगावू लागली, कारण कळले आणि सरकारने सरसकट रक्ततपासणी मांडली. 26 हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. कोकणात असे प्रमाण असेल असा याचा अर्थ नाही. पण मामाच्या मुलीशी लग्न ज्या समाजात रीतीला धरून मानले जाते आणि सोयरिकी चार गावांच्या टप्प्यात होतात, तिथे दोन्हीकडून सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते. मोजल्याशिवाय ‘आमच्याकडे असले काही नाही’ म्हणायचा अधिकार कोणालाच पोचत नाही.

मोठ्यांतला प्रकार वेगळा. सीपीटी-2 सदोष असलेला तरुण एरवी धडधाकट असतो. एकादशीचा उपास धरून शृंगारपूरहून प्रचितगड चढला, की दुसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या होतात आणि लघवी काळ्या चहाच्या रंगाची. गावात म्हणतात उन्हाळी लागली, सब्जा घाल, कोकम सरबत घे. प्रत्यक्षात स्नायू फुटून त्यातला मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकत असतो. प्रौढांमध्ये वारंवार होणाऱ्या आनुवंशिक मायोग्लोबिन-लघवीचे हे सर्वांत मोठे कारण मानले जाते.

कोकणात नारळ आहे, तेव्हा एक शंका येणारच. मध्यम साखळीच्या, म्हणजे आठ-दहा कार्बनच्या मेदाम्लांना कार्निटीनची बोट लागत नाही, म्हणून अशा काही आजारांत ‘एमसीटी’ तेल देतात. मग खोबरेल चालेल? नाही. खोबरेलात या दोन मेदाम्लांचा वाटा साधारण 15 टक्क्यांच्या आत असतो. शिवाय ‘एमकॅड’ नावाच्या दुसऱ्या एका आजारात हीच मध्यम साखळी घातक ठरते.

4. बाहेरून आलेला तुटवडा

जनुके शाबूत असूनही कार्निटीन कमी पडू शकते. फेफऱ्यावर सर्रास दिले जाणारे व्हॅल्प्रोएट कार्निटीनला चिकटून त्याला शरीराबाहेर नेते. काही रुग्णांत, विशेषतः लहान मुलांत, त्यामुळे रक्तातला अमोनिया चढतो आणि तिथे कार्निटीन उतारा म्हणून दिले जाते. सेफडिटोरेन पिव्हॉक्सिलसारखी काही प्रतिजैविके पोटात गेल्यावर पिव्हॅलिक आम्ल सोडतात. तेही कार्निटीनला घेऊनच लघवीवाटे जाते. मुलांची साखर यामुळे उतरते, असा इशारा जपानच्या औषध नियामकाने 2012 मध्ये दिला. हे औषध आपल्याकडेही विकले जाते.

मेदज्वलन अडले की काय होते, याचा भारतातला सर्वांत दारुण धडा बिहारमध्ये मुझफ्फरपूरने दिला. 2014 च्या मे ते जुलैमध्ये तिथे 390 मुले दाखल झाली, 122 दगावली. वर्षानुवर्षे मेंदूज्वराचा विषाणू शोधला जात होता. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने लिचीतल्या हायपोग्लायसिन आणि त्याच्या भावंड रसायनाकडे बोट दाखवले, आणि रात्री न जेवता झोपणे हा दुसरा गुन्हेगार ठरला. ही विषे कार्निटीनची बोट रोखत नाहीत, पलीकडे उतरलेल्या प्रवाशाचे ज्वलन अडवतात. परिणाम तोच : उपाशी पोट, साखर संपली, चरबी जळेना. या निष्कर्षाला बळ मिळाले ते रक्तातल्या अॅसिलकार्निटीनचा, म्हणजे मेदाम्ल चढलेल्या कार्निटीनचा, आलेख बिघडलेला दिसल्यामुळे. ‘मुलांना संध्याकाळी पोटभर जेवू घाला’ हा साधा सल्ला त्या अभ्यासातून निघाला.

5. आक्षेप आणि उत्तरे

*शाकाहारी माणसाला कार्निटीन कुठून मिळणार?* लाल मांसात ते सर्वाधिक असते हे खरे. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाने मात्र फुशारकी मारू नये. शंभरेक ग्रॅम कॉड माशात 4 ते 7 मिलिग्रॅम असते, तर कपभर दुधात साधारण 8. शाकाहारी लोकांच्या रक्तातली पातळी थोडी कमी भरते, पण त्यातून आजार होत नाही. शरीर स्वतः बनवते आणि मूत्रपिंड सांडू देत नाही. भातात लायसिन कमी, कुळथात भरपूर. कुळथाचे पिठले-भात खाणाऱ्याने बाटलीची चिंता करू नये.

*हृदयविकारात ते उपयोगी पडते ना?* 2013 मध्ये 13 चाचण्यांच्या आढाव्यात, हृदयविकाराच्या झटक्यानंतर कार्निटीन घेणाऱ्यांत मृत्यू 27 टक्क्यांनी कमी आढळले. पण 2006 मधल्या दोन हजारांवर रुग्णांच्या चाचणीत ठरवलेले मुख्य उद्दिष्ट साधले नव्हते. आणि त्याच 2013 साली क्लीव्हलँडच्या संशोधकांनी दाखवले की आतड्यातले जंतू कार्निटीनपासून जे रसायन करतात, त्याचे यकृतात टीएमएओ बनते, आणि टीएमएओचा धमन्या कठीण होण्याशी संबंध दिसतो. मांसाहारी माणसात ते अधिक बनते, शाकाहाऱ्यात फारच कमी. हा वाद मिटलेला नाही. मिटेपर्यंत स्वतःच्या मनाने कार्निटीन घेणे म्हणजे बाजू न कळताच पैज लावणे.

*पुरुषांच्या वंध्यत्वावर डॉक्टरच लिहून देतात.* देतात. शुक्राणू परिपक्व होतात त्या नलिकेत कार्निटीन खूप एकवटते, त्यामुळे कल्पना तर्काला धरून आहे. पण कार्निटीनसह अनेक घटकांची गोळी तपासणाऱ्या 2020 च्या अमेरिकी चाचणीत शुक्राणू सुधारले नाहीत. तर्क आणि निकाल यांत अंतर असते, एवढेच. डायलिसिसवरच्या रुग्णाची गोष्ट निराळी : त्याचे कार्निटीन यंत्रातून खरोखर निघून जाते. तिथे निर्णय मूत्रपिंडतज्ज्ञाचा.

*इतक्या दुर्मीळ आजारासाठी तालुक्याने का धावावे?* हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ॲनिमिया, विंचूदंश, लेप्टो यांच्याशी झुंजणाऱ्या आरोग्य केंद्राला नवे ओझे कशाला? उत्तर असे की एकाच थेंबातून एक आजार वाचला जात नाही, डझनावारी वाचले जातात.

6. थेंबात काय दिसते

बाळ दोन-तीन दिवसांचे झाले की टाचेला बारीक सुई टोचतात आणि जाड गाळणकागदावर छापलेल्या वर्तुळांत रक्त भरून देतात. कागद सावलीत वाळवतात. बर्फाची पेटी लागत नाही, साध्या पाकिटातून तो प्रयोगशाळेत जाऊ शकतो. ही कल्पना रॉबर्ट गथ्री यांची, 1960 च्या दशकातली. 1990 च्या सुमारास मिलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी तिला टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीची जोड दिली. यंत्र प्रत्येक बोटीत कोणता प्रवासी अडकला आहे ते वजनावरून सांगते : सोळा कार्बनचा, आठ कार्बनचा, पाच कार्बनचा. कोणता टप्पा मोडला आहे, ते त्यावरून ओळखता येते.

त्यातही तीन कार्बनची प्रवासी-बोट, म्हणजे प्रोपिओनिलकार्निटीन, महाराष्ट्राने डोळ्यांत तेल घालून पाहावी. काही गंभीर जन्मजात आजारांत ती वाढते, आणि आईच्या बी-12 च्या कमतरतेमुळेही वाढू शकते. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 441 पुरुषांपैकी 67 टक्क्यांत बी-12 कमी होते. बाळाच्या टाचेतला थेंब आईच्या ताटाची खबर देतो. बाळात कार्निटीन फार कमी आढळले आणि शोध घेतला तर आजार आईला निघाला, तिला स्वतःला मात्र पत्ताच नव्हता, असेही अनेक देशांत घडले आहे.

गोव्याने 2008 मध्ये सरकारी पातळीवर नवजात बाळांची अशी विस्तृत तपासणी सुरू केली, म्हणजे रत्नागिरीच्या शेजारीच हा प्रयोग होऊन गेला. महाराष्ट्राचा हिशेब विचित्र आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला, पण त्याच्या आजारांच्या यादीत मेदज्वलनाचे विकार नाहीत. 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणाने मुंबईच्या केईएम रुग्णालयाला उत्कृष्टता केंद्र केले. ते संगमेश्वरहून सुमारे 300 किलोमीटरवर. मलूल बाळ तिथवर पोचायला लागणारा वेळ त्याच्या साखरेजवळ नसतो.

म्हणून पहिली पायरी तालुक्यातच हवी, आणि ती महाग नाही. बेशुद्ध किंवा अति मलूल मूल आले की ग्लुकोमीटरने साखर पाहणे, लघवीत कीटोनची पट्टी बुडवणे, आणि साखर कमी असूनही कीटोन नगण्य असतील तर गाळणकागदावर रक्ताचा थेंब राखून लगेच सलाइनमधून ग्लुकोज सुरू करणे. ग्लुकोज दिल्यावर आलेख निवळू शकतो, म्हणून थेंब आधीच घेतलेला बरा. मूल वाचले नाही तरी तो कागद पुढच्या भावंडाला वाचवू शकतो.

ज्या घरात तापानंतर, उपाशी झोपेतून एखादे मूल अचानक गेले आहे, त्या घरच्यांनी पुढच्या बाळंतपणाआधी ही हकीकत डॉक्टरांना स्पष्ट सांगावी आणि नव्या बाळाची अॅसिलकार्निटीन तपासणी पहिल्याच आठवड्यात मागावी. खासगी प्रयोगशाळांत तिला काही हजार रुपये पडतात. अहवाल येईपर्यंत त्या बाळाला दूध पाजल्याविना लांब झोपू देऊ नये.